नोंदवहीतला नकार: नवी मुंबईतल्या टीबी-प्रतिबंध कार्यशाळेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

शहरात ‘आरोग्य शिक्षक’ अशी पाटी लावून बसलेला माणूस क्वचितच भेटतो. ते काम वाटलं गेलेलं असतं. थोडं आरोग्यसेविकेकडे, थोडं टीबी रुग्णांचा पाठपुरावा करणाऱ्या टीबी हेल्थ व्हिजिटरकडे आणि दारोदारचं जवळजवळ सगळं आशाताईंकडे. या प्रकरणातली कार्यशाळा अशाच मिश्र गटासाठी होती. केंद्र नवी मुंबईतलं, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला, एमआयडीसीच्या पलीकडे डोंगराला चिकटून वाढलेल्या वस्तीचं. प्रशिक्षण आखणाऱ्या चमूत मी होते. वस्ती, केंद्र आणि निधी देणारी संस्था यांची नावं इथे दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

वस्तीतले बरेच पुरुष कंपन्यांत कंत्राटी कामाला, काही एपीएमसी मार्केटात हमालीला, उरलेले सकाळी नाक्यावर उभे राहणारे. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, एखादी खिडकी, तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी. टीबी पसरायला याहून सोयीची जागा नाही.

2021 पर्यंत टीबीचा प्रतिबंधात्मक उपचार, म्हणजे टीपीटी, मुख्यतः रुग्णाच्या घरातल्या लहान मुलांना आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांना दिला जाई. त्या वर्षी केंद्र सरकारच्या नव्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि फुप्फुसाचा टीबी असलेल्या रुग्णाच्या घरातले सगळेच, मोठी माणसंसुद्धा, त्याच्या कक्षेत आले. आधी त्यांना सक्रिय टीबी नाही याची खात्री करायची, मग औषध. या केंद्रात मोठ्यांसाठी थ्री-एचपी होतं: आयसोनियाझिड आणि रिफापेन्टिन, आठवड्यातून एकदा, 12 आठवडे. जुन्या पद्धतीत आयसोनियाझिड रोज 6 महिने घ्यावं लागतं. त्या मानानं हे सोपं.

कागदावर सोपं, एवढंच. कारण यामुळे दारात उभ्या असलेल्या बाईचं कामच बदललं. पूर्वी ती म्हणायची, ‘दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे, बेडका तपासून घ्या.’ समोरचा खोकत असायचा, त्यामुळे निम्मं पटलेलं असायचं. आता तिला धडधाकट माणसाला सांगायचं होतं की गोळ्या घे.

अडचण

संपर्कातल्या व्यक्तींच्या नोंदवहीत शेऱ्याचा एक रकाना होता. पानामागून पान त्यात एकच शब्द: नकार. अक्षरं वेगवेगळी, शाई वेगवेगळी, शेरा तोच. निधी देणाऱ्या संस्थेनं त्यावरून निष्कर्ष काढला की कर्मचाऱ्यांना टीपीटी नीट समजलेलं नाही, तेव्हा ‘ज्ञानवृद्धीसाठी’ दोन दिवसांची कार्यशाळा घ्या. आदल्या वर्षीही अशीच कार्यशाळा झाली होती. पूर्वचाचणी, स्लाइड्स, जेवण, उत्तरचाचणी, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो. उत्तरचाचणीत गुण छान पडले होते आणि नोंदवही होती तशीच होती.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षणाचं मोजमाप चार पायऱ्यांत मांडलं: शिकणाऱ्यांना कसं वाटलं, ते काय शिकले, कामावर त्यांचं वागणं बदललं का, आणि त्यातून काय साधलं. आपल्याकडच्या बहुतेक कार्यशाळा दुसऱ्या पायरीवर हार-तुरे घेऊन थांबतात. आदल्या वर्षीची त्यातलीच.

म्हणून अभ्यासक्रम लिहायला घेण्याआधी आम्ही गृहभेटींना सोबत गेलो. एका घरातला प्रसंग देते, कारण पुढचे बरेच निर्णय त्यातून निघाले. घरात पंचविशीतला मुलगा, टीबीचा उपचार सुरू. आई, मोठा भाऊ आणि वहिनी. आशाताईंनी टीपीटीची माहिती दिली, ती अचूक होती. वहिनी म्हणाली, “आम्हाला काहीच झालेलं नाही, मग गोळ्या कशाला?” ताई म्हणाल्या, “वरून आलंय, सगळ्यांनी घ्यायच्यात.” मोठा भाऊ इतका वेळ दारात टेकून उभा होता. त्यानं विचारलं, “तुम्ही घेता का?” ताई क्षणभर गप्प झाल्या. मग वही पुढे करून म्हणाल्या, “नको असेल तर तसं लिहिते, इथे सही करा.”

बाहेर आल्यावर त्या स्वतःच बोलल्या. “मॅडम, उद्या कुणाला कावीळ झाली ना, तर डॉक्टरच्या दारात कुणी जाणार नाही. मी इथेच चार गल्ल्या सोडून राहते. माझ्याच दारात येतील.”

माहिती कमी पडत नव्हती. जी गोष्ट स्वतःला पुरती पटलेली नाही आणि बिघडली तर आपल्याच अंगावर येणार, ती दुसऱ्याच्या गळी उतरवायची जबाबदारी ताईंवर होती. यावर स्लाइड नसते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय आदेशाप्रमाणेच वागण्याचा: दोन दिवस, मोठा हॉल, सगळे एकत्र, स्लाइड्स ताज्या करून. मार्चअखेर निधी खर्ची पडला असता, अहवाल सुबक झाला असता. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. निधी परत गेला तर पुढच्या वर्षी तो मिळवताना नाकी नऊ येतात.

दुसरा, मोबाइलवर छोटे व्हिडिओ आणि प्रश्नमंजूषा. स्वस्त होता. पण आशाताईंच्या फोनवर आधीच कामाचे इतके ग्रुप होते की नवा व्हिडिओ म्हणजे अंगठा दाखवून पुढे सरकायची आणखी एक जागा. शिवाय “तुम्ही घेता का?” याला गप्प बसण्याचा सराव व्हिडिओनं मोडत नाही.

तिसरा, अर्ध्या-अर्ध्या दिवसाची सत्रं, लहान गटात, केंद्रातच, पंधरवड्याच्या अंतरानं. मधल्या काळात खऱ्या गृहभेटी आणि पुढच्या सत्रात त्यांची उजळणी. आम्हाला हाच हवा होता. अडचण निघाली ती शिकवण्यात नव्हे, भत्त्यात. प्रशिक्षण भत्ता पूर्ण दिवसाचा. अर्ध्या दिवसाला काय द्यायचं? आशांचं मानधन बरंचसं कामावर आधारित असतं, त्यामुळे हॉलमध्ये घालवलेली सकाळ म्हणजे बुडालेलं काम. हे न सोडवता ‘सहभागी पद्धती’च्या गप्पा मारणं बरं दिसलं नसतं. शेवटी दोन अर्धे दिवस मिळून एक दिवस धरायला लेखी मंजुरी घेतली. त्यात वेळ गेला आणि चारांऐवजी तीनच सत्रं मार्चच्या आत बसली.

काय केलं आणि कुठे अडलो

पहिला प्रश्न, खोलीत कोण असावं. वैद्यकीय अधिकारी समोर बसले की आशाताई बोलत नाहीत. सिस्टर बोलतात, पण त्यांनी जे बोलायला हवं ते नाही. पहिलं सत्र वरिष्ठांविना घ्यायचं ठरलं. डॉक्टरांना ते खटकलं, आणि साहजिक होतं, केंद्र त्यांचं. त्यांना दुसरं सत्र दिलं, औषधांच्या दुष्परिणामांचं, फक्त स्लाइड्स नाहीत, पहिल्या सत्रात जमलेल्या चिठ्ठ्यांवरच बोलायचं या अटीवर. ते तयार झाले. त्या चिठ्ठ्या वाचून ते जरा गंभीरही झाले. एकीवर लिहिलं होतं, ‘सर, या गोळ्यांनी लिव्हर जातं हे खरं आहे का? खरं असेल तर आम्हाला का सांगत नाही?’

दुसरा प्रश्न लघवीच्या रंगाचा. रिफापेन्टिननं लघवी, घाम, अश्रू केशरी-लालसर होतात. त्यात अपाय काही नसतो. हे आधी सांगावं का? टीबी हेल्थ व्हिजिटरचं म्हणणं, सांगितलं तर लोक पहिली गोळीच घेणार नाहीत. एक आशाताई म्हणाल्या, “न सांगता दिलं आणि सकाळी बाईनं संडासात रक्तासारखं पाहिलं, तर दुपारपर्यंत अख्खी चाळ गोळ्या टाकून देईल.” ताईंचं ऐकायचं ठरलं. पण प्रश्न तिथे संपत नव्हता, कारण काविळीतही लघवी गडद होते. ‘रंग बदलला तर घाबरू नका’ एवढंच शिकवलं असतं तर खरा धोका त्याच वाक्यात झाकला गेला असता. डॉक्टरांनी फरक असा बांधून दिला: गोळीच्या सुमारास रंग केशरी, भूक आहे, डोळे पांढरे, तर काळजी नाही. लघवी काळ्या चहासारखी, जेवणावरची वासना गेलेली, मळमळ, उजव्या बरगडीखाली दुखणं किंवा डोळे पिवळे, यातलं काही असेल तर पुढचा डोस न घेता थेट केंद्रात. आणि शंका असली की केंद्रात. ठरवायचं काम ताईंचं नाही. हे शेवटचं वाक्य डॉक्टरांनी सगळ्यांसमोर म्हटलं, त्यानं ताईंच्या खांद्यावरचं बरंच ओझं उतरलं.

याच सत्रात एका सिस्टरनी विचारलं की माला-एन ही गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या बाईनं हे औषध घेतलं तर? प्रश्न अगदी नेमका. रिफापेन्टिन त्या गटातलं औषध आहे ज्यामुळे संप्रेरकांच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. त्या काळात निरोध किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यानं दुसरं साधन वापरायला हवं. माला-एन वाटणारी आणि टीपीटी समजावणारी ताई एकच, तरी आदल्या वर्षीच्या स्लाइड्समध्ये हा मुद्दा नव्हता. दोन कार्यक्रमांच्या दोन फायली असल्या की असंच होतं.

गोळीचा वार कोणता, यावरही बराच खल झाला, आणि मला तो अख्ख्या कार्यशाळेतला सर्वात शहाणा अर्धा तास वाटला. रविवार बरा, सगळे घरी असतात, असं काही जणी म्हणाल्या. रविवारी पिणारे जास्त पितात आणि सोमवारपर्यंत केंद्र बंद, असं डॉक्टर म्हणाले. मग सोमवार? अर्ध्या बायकांचा उपास, आणि हे औषध जेवणानंतर घ्यायचं. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, प्रत्येकाला कुठला ना कुठला देव निघाला. उरला बुधवार. बुधवारी रात्री पोटभर जेवून गोळी, गुरुवारी सकाळी केंद्र उघडं, पहिल्या डोसनंतर ताईंची फेरी गुरुवारीच. केंद्रानं तो वार उचलला. बाहेरून आलेल्या कुठल्याही तज्ज्ञाला हे सुचलं नसतं.

आकड्यांची गोष्ट अवघड गेली. आम्ही सांगितलं की शरीरात सुप्त टीबी, म्हणजे जंतू आहेत पण आजार नाही, अशा शंभरातल्या साधारण 5 ते 10 जणांना आयुष्यात कधीतरी आजार होतो. लगेच मागून आवाज आला, “म्हणजे नव्वदांना होतच नाही. मग त्यांना गोळ्या का?” याला बगल देता येत नाही. ते नव्वद कोण हे आधी कळत नाही. संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत धोका जास्त असतो. लहान मुलं, मधुमेह असलेले, अंगानं खंगलेले यांना आणखी जास्त. आणि या घरात रोगी समोर आहे, एकाच खोलीत झोपतो. एवढं सांगून झाल्यावरही पूर्ण हमी देता येत नाही, तेही सांगायचं ठरलं. एका ताईंनी त्याला आपली जोड दिली: “मे महिन्यात आपण पत्र्यावर ताडपत्री टाकतो, तेव्हा कुठे गळत असतं?” पुढे ते वाक्य बहुतेकींच्या तोंडी बसलं.

आणि “तुम्ही घेता का?” याचं उत्तर? कुणीतरी सुचवलं, सरळ ‘हो’ म्हणावं. आम्ही ते नाकारलं. वस्तीत खोटं चार दिवस टिकत नाही, आणि टिकलं तरी प्रशिक्षकानं ते हाती देऊ नये. ताई त्या घरात राहत नाहीत, म्हणून त्या उपचाराच्या कक्षेत येत नाहीत, हे साधं खरं उत्तर होतं. त्याला जोडून ‘माझ्या घरात पेशंट असता तर घेतल्या असत्या’ हे फक्त जिला मनापासून वाटतं तिनंच म्हणायचं. दोघी-तिघी म्हणाल्या, आम्हाला अजून तसं वाटत नाही. त्यांना एक टीबी चॅम्पियन भेटवली, नवी मुंबईच्या दुसऱ्या भागातली, टीबीचा उपचार पूर्ण केलेली, जिच्या दोन्ही मुलांनी प्रतिबंधाचा कोर्स संपवला होता. याच वस्तीतलं कुणी बोलवायचं नाही हे आधीच पक्कं होतं. टीबीची गोष्ट इथे अजून लग्नं मोडते.

सरावासाठी आम्ही एकच कौशल्य निवडलं, समोरच्याकडून परत सांगून घेणं. ‘समजलं का?’ या प्रश्नाला सगळे मान डोलावतात. त्याऐवजी: “मी नीट सांगितलं की नाही ते बघायचंय. संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं तर तुम्ही काय सांगाल?” परीक्षा सांगणारीची होते, ऐकणारीची नाही. सुरुवातीला जीभ अडखळली, तिसऱ्या सत्रात सहज यायला लागलं.

दुसऱ्या सत्रात हाती लागलेली गोष्ट

पंधरवड्याच्या भेटींनंतर प्रत्येकीनं आपल्या ‘नकारां’ची कहाणी सांगितली आणि चित्र उलटंपालटं झालं. बऱ्याच घरांत गोळीला कुणी नकार दिलाच नव्हता. त्याआधीचा एक्स-रे राहिला होता. खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम, ही चार लक्षणं ताई दारातच विचारतात, पण एक्स-रेसाठी दूरच्या रुग्णालयात सकाळी जावं लागे. सकाळी नाक्यावर उभं राहिलं नाही तर त्या दिवसाची मजुरी गेली. काही जण गावच्या जत्रेला गेलेले. काही घरांत सून तयार, सासरे नको म्हणालेले. या सगळ्यांवर शेरा एकच पडत होता, कारण रकाना एकच होता आणि त्यापुढे सही घेतली की ताईंची जबाबदारी संपत होती.

तिसऱ्या सत्राचा ठरलेला विषय बाजूला ठेवून आम्ही तो रकाना फोडला: एक्स-रे राहिला; घरी नाही; गोळीची भीती; घरातल्या मोठ्यांचा विरोध; डॉक्टरांना विचारायचं आहे. ठरलेला विषय ‘संवादातले अडथळे’ होता. त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही.

निष्पत्ती

उत्तरचाचणी घ्यावीच लागली. गुण आदल्या वर्षीसारखेच चांगले. त्यावर काही म्हणण्यासारखं नाही. सोबतच्या भेटींत दिसलं ते वेगळं. ताई कमी बोलत होत्या, जास्त विचारत होत्या, आणि बहुतेक जणी दुष्परिणाम स्वतःहून आधी सांगत होत्या. काही घरांत कोर्स सुरू झाले, काही मध्येच सुटले, विशेषतः गावाला गेलेल्यांचे. नोंदवहीत आता कारणं दिसू लागली आणि सर्वात भरलेला रकाना एक्स-रेचा निघाला. त्यावरून केंद्रानं संध्याकाळी पोर्टेबल एक्स-रेचं शिबिर मागून घेतलं. ते झालं, गर्दीही झाली, पण पुन्हा कधी होईल हे ठरलं नाही.

मघाच्या घरात आई आणि वहिनीनं गोळ्या सुरू केल्या. मोठ्या भावाला ताईंनी एकट्याला गाठून विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं की तो रोज पितो आणि आईसमोर ते बोलता येत नव्हतं. रोजची दारू आणि आयसोनियाझिड यांचा एकत्र भार यकृताला झेपत नाही. डॉक्टरांनी रक्ततपासणी होईपर्यंत थांबायला सांगितलं. नोंदवहीत ज्याला नकार म्हटलं होतं तो या माणसाच्या बाबतीत योग्य सावधपणा होता.

वेगळं काय करता येईल

गल्लीतल्या खासगी डॉक्टरला आम्ही मोजलंच नव्हतं. ताईंची भेट संपली की माणसं त्याच्याकडे जातात आणि तो ‘काही गरज नाही’ म्हणाला की तीन सत्रांचं काम एका वाक्यात पुसलं जातं. अशा डॉक्टरांसाठी दवाखाना बंद झाल्यावर रात्री तासाभराची बैठक घेणं शक्य आहे. ते हॉलमध्ये येणार नाहीत हे गृहीत धरूनच आखायला हवी.

साहित्य फक्त मराठीत होतं. वस्तीत हिंदी आणि कन्नड बोलणारी घरं बरीच. ताई तोंडी भाषांतर करत होत्या, आणि ‘केशरी’ व ‘काळ्या चहासारखी’ यातला फरक तोंडी भाषांतरात सहज हरवतो. इथे रंगांचं चित्रपत्र हवं होतं.

पहिल्या सत्रातून वरिष्ठांना बाहेर ठेवण्यावर चमूत अजून एकमत नाही. माझं मत, ते बरोबर होतं. सहकाऱ्यांचं म्हणणं असं की टीबी हेल्थ व्हिजिटरही त्यात बाहेर राहिल्यामुळे त्यांना कार्यशाळा परकी वाटली आणि सोबतच्या भेटी मार्चनंतर त्यांनी चालू ठेवल्या नाहीत. दोन्ही खरं असू शकतं. पुढच्या केंद्रात त्यांच्यासाठी आधी वेगळी बैठक घेऊन पाहणार आहोत.

क्रमही उलटा हवा. आधी नोंदवही उघडायची, कारणं वेगळी काढायची, मग ठरवायचं की यातलं किती प्रशिक्षणानं सुटेल. या केंद्रात एक्स-रेची वेळ बदलायला कार्यशाळेची गरज नव्हती. पुढच्या प्रस्तावात आम्ही पहिला पंधरवडा फक्त नोंदवही आणि गृहभेटींसाठी मागितला आहे. त्या दिवसांत प्रशिक्षणार्थींची संख्या शून्य दिसेल, म्हणून निधी देणाऱ्यांनी त्यावर खुलासा मागवला आहे. तो लिहिणं सुरू आहे.